दोघांचं जुळलं पाहिजे

“होम सिग्नल, लाल!” मेथी निवडता निवडता शेषराव स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बघून ओरडले. मग कान देऊन थांबले.

मी कपाळावर हात मारला. तीस वर्षं इंजिन चालवणाऱ्या माणसाची ही सवय. स्टेशनात शिरण्याआधीचा होम सिग्नल आला, की ड्रायव्हरनं तो मोठ्यानं सांगायचा, शेजारच्या असिस्टंटनं तो स्वतः बघून परत सांगायचा. दोघांचं जुळलं नाही, तर गाडी थांबवायची. पण भिंतीवर कसला आलाय सिग्नल?

“निलय हिरवा म्हन्ते,” ते म्हणाले.

निलय त्यांचा असिस्टंट. दिवाळीआधीच त्याची कोट्याला बदली झाली. पण ह्यांचा डेंग्यूचा ताप उतरला, त्या दिवसापासून तो आमच्या जयपूरच्या क्वार्टरमध्येच मुक्कामाला आहे. मला दिसत नाही, एवढंच. आधी मी चेष्टा केली, “त्याच्या पन पोळ्या टाकू काय?” मग परवा आदर्श नगरच्या चौकात लाल दिवा असताना ह्यांनी स्कूटर पुढे घातली. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलो. आणि हे शांतपणे म्हणाले, “निलयनं हिरवा सांगतला न वं!”

माझी चेष्टा तिथंच संपली. इंजिनामागे हजार माणसं बसलेली असताना निलय बोलला तर?

आणि आज तर गाडीवर परत जायच्या फिट सर्टिफिकेटसाठी रेल्वेच्या दवाखान्यात जायचं होतं. ड्यूटीचे बूट घालता घालता ते म्हणाले, “सुवर्णा, तिथं तोंड नको उघडू. इंजिन गेलं तर मी मेलो समज.”

“कोई आवाज सुनाई देती है?” फॉर्म भरता भरता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नहीं जी.”

बाईंनी सहीसाठी पेन उचललं.

“देती है,” मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात तशी नजर मी पाहिली नव्हती. बाईंनी समजावलं, व्हायरल तापानंतर कधी कधी डोक्यावर असा परिणाम होतो, औषधानं बरं वाटेल. तोवर गाडी नाही.

घरी आल्यावर बूट न काढताच ते त्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. आता शिव्या देतील म्हणून मी जीव मुठीत धरून दारातच थांबले.

“होम सिग्नल, लाल,” ते हळूच म्हणाले.

“होम सिग्नल, लाल,” मी म्हणाले.

ते ऐकत राहिले. तिथं तिसरं कुणीतरी श्वास घेतंय, असं मलाही वाटून गेलं.

“तो बी लालच म्हन्ते आता,” शेषराव म्हणाले, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.