चिमीचं दूध माझ्याजवळ होतं

मी एक जुनी बाबागाडी आहे, मित्रांनो, आणि जुनी म्हणून कुणी नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं. कारखान्यातून आले तेव्हा माझं निळं छत असं चकाकायचं, की बायका थांबून हात लावून बघायच्या. एका ताईंची दोन्ही पोरं माझ्यातच मोठी झाली. मग माझी रवानगी माळ्यावर झाली आणि कोळ्यांनी माझ्यात संसार थाटला.

ताईंच्या धाकट्या भावाला लेक झाली, तेव्हा मला धुऊनपुसून खाली काढलं. लेकीचं नाव काहीही असो, सगळे तिला चिमी म्हणत. चिमीच्या आईला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि ती पुढे गेली. चिमीला घेऊन बाबा एकटाच बसने निघाला.

"तुला झेपेल का रे?" ताईंनी विचारलं.

"ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" बाबा म्हणाला.

झबली, लंगोट, छत्री, खुळखुळे... अर्धं घर त्याने बरोबर घेतलं. दुधाच्या सामानाची पिशवी, म्हणजे बाटली, पावडरचा डबा आणि गरम पाण्याचा थर्मास, अगदी जपून माझ्या खालच्या टोपलीत ठेवली. बस आली. चिमीला कडेवर घेऊन त्याने माझी घडी घातली आणि टोपलीसकट मला बसच्या डिकीत ढकललं. बाहेरून कडी लागली. अरे देवा! मी ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे?

थोड्याच वेळात वर चिमी रडू लागली. बाबाला एकही अंगाई येत नव्हती. तो बिचारा बेचा पाढा म्हणू लागला.

"टोपी काढा, उकडतंय तिला," एक प्रवासी म्हणाला.

"छे हो, टोपी घाला, वारं लागतंय," दुसरा म्हणाला.

"अहो, भूक लागलीय पोरीला!" एक बाई कडाडल्या. "दूध कुठाय?"

पाढा थांबला. "खाली राहिलं," बाबा म्हणाला.

चालक म्हणाला, "वळणांचा रस्ता आहे, मध्ये थांबता येणार नाही."

मित्रांनो, अंधारात ते दूध मी पोटाशी धरून होते आणि वर लेकरू टाहो फोडत होतं. माझा जीव नुसता कासावीस झाला. मग तिचा आवाज बसत गेला, शेवटी नुसते हुंदके ऐकू येऊ लागले.

"थांबवा हो बस!" बाबा रडवेला होऊन ओरडला. "पाया पडतो तुमच्या!"

बस थांबली. कडी निघाली. बाबाने मला बाहेर ओढलं, घाईघाईत अर्धी पावडर सांडत दूध कालवलं आणि रस्त्याकडेलाच फतकल मारून चिमीला पाजलं. ती गटागटा प्यायली. बाबा घळाघळा रडत होता आणि हसतही होता. चालकाने भोंगा वाजवला. चिमीला छातीशी, पिशवी खांद्याला आणि बाटली दातांत धरून तो धावत बसमध्ये चढला.

बस गेली. मी तिथेच राहिले.

खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पण चिमीचं पोट भरलं. मित्रांनो, असा गोंधळलेला बाप शेजारी येऊन बसला, तर त्याला शहाणपण शिकवू नका, आधी त्याच्या हातातलं सामान धरा. आणि बस सुटण्यापूर्वी एकदा मागे वळून बघा, कुणी राहिलं तर नाही ना.