तिसऱ्यांची जागा

नकाशावरचा तो लाल डाग बघून ऋतिकाचं डोकं पुन्हा सणकलं. खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, कुठे जास्त मिळतात, हा तिचा प्रकल्प. कोळीवाड्यातल्या बायकांबरोबर ओहोटीला गुडघाभर चिखल तुडवून तिने त्या दाखवतील तो एकेक बिंदू मोबाइलवर नोंदवला होता. आणि संगणक काय म्हणतो? सगळ्यात जास्त तिसऱ्या म्हणे जेटीमागे, होड्या रंगवतात तिथे. तिथे धड शेवाळ धरत नाही!

सर वर्गासमोर हसले होते. "शुक्रवारपर्यंत दुरुस्त कर, नाहीतर नापास. चांगले नकाशे कॉलेजच्या वेबसाइटवर टाकायचेत."

तिने सगळं तपासलं. अक्षांश बरोबर, रेखांश बरोबर. मेलं चुकतंय कुठे? शेवटी ती तणतणत त्या बायकांतल्या काशीआत्याकडे गेली. आत्या मासळी निवडत होती.

"आत्या, तुम्ही सगळ्यांनी मला खोटी जागा दाखवलीत?"

"मग? जागा कोण सांगतो काय गो? सख्ख्या जावेला नाय सांगितली मी कधी."

"पण सगळ्यांनी एकच खोटी जागा?"

"येगळी येगळी दाखवली असती, तर कोणाची तरी खरी निघाली असती."

कपाळ! ऋतिकाला रडूच फुटलं. आत्याने हात धुतले. "नापास होशील काय खरंच?"

"होईन."

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली, तशी आत्या तिला कांदळाच्या झाडीपलीकडे घेऊन गेली. पायाने चिखल चाचपला, वाकली, आणि बघता बघता पाटी भरत आली.

"दाब तुझं बटण," म्हणाली, आणि कोणी कपडे बदलताना आपण फिरवतो तशी पाठ फिरवून उभी राहिली.

ऋतिकाने बटण दाबलं. बिंदू अगदी जागच्या जागी पडला. वर्षभरात इतकं अचूक काम तिच्या हातून झालं नव्हतं. ती त्या बिंदूकडे बघत राहिली. मग आत्याच्या पाठीकडे. वेबसाइट काय, कोणीही उघडतं. स्वतःचाच भयंकर राग येत असताना तिने तो बिंदू पुसून टाकला.

शुक्रवारी सरांनी नकाशा पडद्यावर मोठा केला. लाल डाग गेला होता. खाडी कोरी होती.

"अगं, एवढी पायपीट केलीस, आणि सापडलं काय?" सर वैतागले. "हे कांदळाच्या पलीकडे तरी काय आहे?"

"काही नाही, सर," ऋतिका म्हणाली. "नुसता चिखल."