धोंडबांचा आवाज

"पुन्हा तेच! फायली सापडत नाहीत म्हणे!" नंदिनीने लॅपटॉपपुढे कपाळावर हात मारून घेतला.

"काहून वं, आता काय झालं?" स्वयंपाकघरातून तिची माय, प्रेमिला, ओरडली.

शेजारी तिचे बाबा, धोंडबा, पाटी घेऊन बसले होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, तेव्हापासून बोलणं म्हणजे पाटी. नंदिनी वाचायची, पण प्रेमिलाला अक्षरओळख नव्हती. जिच्याशी भांडण्यात जन्म गेला, तिच्याशीच अबोला, आणि तोही मनात नसताना! लिहिलेलं मराठी बोलून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम नंदिनीने शोधला होता. या जुन्या लॅपटॉपसाठी तो तयार मिळेना, म्हणून व्हिडिओ बघत बघत ती पठ्ठी तो मूळ कोडपासून बांधायला बसली होती.

आवाजाच्या फायलींचा पत्ता तिने शेलला, म्हणजे हुकूम टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीला, नीट सांगितला होता. विचारलं की शेल तो घडाघडा म्हणून दाखवी. पण बांधणी सुरू केली की बांधणारा प्रोग्राम मात्र कानांवर हात ठेवी.

"ड्युटीले जायचं नाही का? जेवून घे अन् जाय," माय म्हणाली.

ड्युटी! नंदिनी ताडकन उठली. ती धंतोलीतल्या दवाखान्यात नर्स होती. सकाळच्या नर्सने जाताना चार्ज दिला नाही, पेशंटची माहिती पुढे सोपवली नाही, तर दुपारचीला काय कप्पाळ कळणार?

"बाबा, मी चार्जच नाही दिला जी! शेलले सांगितलं, त्यानं पुढं सोपवलंच नाही!"

तिने पत्त्याच्या ओळीआधी 'एक्स्पोर्ट', म्हणजे 'पुढे सोपव', एवढा एक शब्द घातला. बांधणी सुरू झाली. ओळींमागून ओळी धावू लागल्या. धोंडबा उठले, बसले, पुन्हा उठले. त्यांना आनंद आवरेना, आणि तिलाही.

"झालं, बाबा! लिहा!"

धोंडबांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं. लॅपटॉपमधून कुणा परक्याचा सपाट आवाज आला:

"प्रेमिला, तू जेवली का वं?"

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. प्रेमिला पिठाच्या हातांनी दारात आली. तिने लॅपटॉपकडे पाहिलंच नाही, धोंडबांकडे पाहिलं.

"नाही जी. तुमची वाट पाहून राहिली."

मग पाटी बाजूला सारून तिने दोघांची ताटं मांडली.