पुठ्ठ्याची बस

बाळांच्या दूधपावडरीच्या कारखान्यात पॅकिंगला असणाऱ्याने कटर घरी न्यायचा नसतो. ठकीच्या बापाने तो शनिवारी खिशात घातला. घरातल्या कात्रीने जाड पुठ्ठ्यापुढे हात टेकले होते, आणि सोमवारी शाळेत पोरांनी खोक्यांच्या गाड्या अंगात अडकवून चालायचं होतं.

ठकीला बस हवी होती. लाल, आणि दार उघडणारी.

रविवारची दुपार बापलेकीने जमिनीवर बसून काढली. त्याने खोक्याचं बूड कापलं, वरच्या बाजूला कमरेपुरतं भोक पाडलं. पात्याची धार गेली तसं त्याने टोक पकडीने मोडलं, आणि तेवढ्यात न्हाणीघरातून बायको ओरडली, "अहो, दूध उतू चाललंय. नाकं आहेत ना दोघांना?"

तो धावला. ओटा पुसून परत आला, भोकाच्या कडा आत दुमडल्या, त्यांवर चिकटपट्टी मारली आणि जुन्या पिशवीचे बंद खांद्यांसाठी लावले. ठकीने घरभर दोन फेऱ्या मारल्या आणि आईकडे तिकिटाचे पैसे मागितले.

सोमवारी पाळी सुरू होताना मुकादमाने हात पुढे केला. रीत ठरलेली होती: नवं पातं हवं तर जुन्याचे मोडलेले तुकडे डबीतून दाखवायचे. तुकडा सापडला नाही तर काम बंद, भरलेली सगळी खोकी उघडायची.

"एक कमी आहे," मुकादम म्हणाला. "भाजीत चिरलास की काय?"

शेजारचे दोघं हसले. बापाला रविवारची दुपार आठवली. टोक मोडलं ते भोकाच्या काठावर. उचललं नाही. मग कडा दुमडल्या. ते काठ आत्ता ठकीच्या पोटाला घासत असणार.

"तुकडा इथे नाही, माझ्या घरी मोडला," एवढं सांगून तो बाहेर पडला. शाळेचा फोन नुसता वाजत राहिला. तो पळत सुटला. रस्त्यात कुणाला तरी धक्का लागला, शिवी ऐकू आली. पातं ओल्या साबणासारखं सहज शिरतं. लागल्याचं आधी कळत नाही, रक्त दिसल्यावर कळतं. त्याच्या बोटांना ते चांगलं ठाऊक होतं.

मैदानावर रांग चालली होती. आगगाडी, विमान, एक बुटका ट्रक. लाल बस मध्यावर.

"ठके, थांब. हलू नकोस."

ती जागच्या जागी थिजली. त्याने बंद सोडवून बस वर उचलली, तिचा सदरा वर केला, पोट पाहिलं, हात उलटसुलट पाहिले. कुठे ओरखडाही नव्हता.

"अहो, काय चाललंय हे?" बाई धावत आल्या.

त्याने बस जमिनीवर टेकवली. पट्टी उचकटली, एक कड फाडली, मग दुसरी. काही नाही. दार फाडलं. बसचा पार चोळामोळा झाला तेव्हा ठकीने त्याची बाही ओढली.

"काय शोधतोयस, बाबा?"

"पात्याचा तुकडा. काल मोडला तो."

"तो डबीत आहे. तूच म्हणतोस ना, मोडलेलं डबीत टाकायचं. तू दुधाकडे गेलास तेव्हा मी पट्टीत गुंडाळून टाकला."

"माझ्या डबीत नाहीये, बाळा."

"माझ्या डबीत. पेन्सिलीच्या."

त्याला क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच.

"कुठंय ती डबी?"

"बालवाडीतल्या छोटीला दिली. तिला खोडरबर पाहिजे होता."

भिंतीच्या सावलीत एक चिमुरडी बसली होती. मांडीवर पत्र्याची डबी. झाकण उघडं. तिच्या चिमटीत चिकटपट्टीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, दोन्ही टोकांना पीळ दिलेलं, हुबेहूब गोळीसारखं. एक टोक तिने दातात धरलं होतं.

तो पळाला नाही. पळालो तर ती दचकेल, दचकली तर दात आवळेल. तो चालत गेला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तळहात पुढे केला.

"बाळ, ही गोळी माझी आहे. देतेस?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. विचार केला. मग तोंडातून काढून ओली गोळी त्याच्या हातावर ठेवली.

त्याने मूठ वळली आणि तिथेच मातीत बसकण मारली. मागून ठकी आली. तिच्या हातात बसचं फाटकं दार होतं.

"तू माझी बस मोडलीस."

"हो," तो म्हणाला. मग बाईंकडे वळला. "बाई, चिकटपट्टी आणि कात्री मिळेल का? पोरांची, बोथटच द्या."

मूठ त्याने उघडली नाही.