आगवाल्याची तिथी

मनोहर भाटकरला वडिलांचा चेहरा आठवत नव्हता. तो तीन वर्षांचा असताना, चव्वेचाळीस साली, ते एका इंग्रजी मालवाहू बोटीवर आगवाले म्हणून, भट्टीत कोळसा घालायला, गेले. ती बोट हिंदी महासागरात नाहीशी झाली आणि तिच्यावरचं कोणीच परतलं नाही. कंपनीच्या पत्रात ‘बेपत्ता’ एवढाच शब्द होता. तिथी ठाऊक नाही म्हणून घरी त्यांचं श्राद्ध दरवर्षी सर्वपित्रीलाच व्हायचं. मनोहर मरीन इंजिनियर होऊन सिंगापूरला निघाला तेव्हा आईने एकच मागणं मागितलं, “तिथी तेवढी शोध.”

त्यासाठी त्याने लंडनला आठ पत्रं लिहिली. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं आली, त्यांच्याखाली ‘आणि एकोणपन्नास हिंदी खलाशी’, आणि बोट जर्मन पाणबुडीने बुडवल्याची नोंद. मग जर्मनीला लिहिलं, तिथून मात्र जाडजूड पाकीट आलं. बोट बुडवणारी पाणबुडी ब्रेमेनच्या गोदीत कधी बांधायला घेतली, पाण्यात कधी सोडली, सगळं तारीखवार. फक्त शेवटच्या सफरीचे कागद नव्हते. पाणबुडी दुरुस्तीला सिंगापूरला आली, जर्मनी शरण गेला, आणि खलाशांनी कागद जाळले. पुढे इंग्रजांनी तिला इथल्याच सामुद्रधुनीत बुडवलं. पाकिटात एक पत्ताही होता, तिच्या इंजिनरूममधल्या ब्रुन्स नावाच्या माणसाचा.

पंच्याण्णवच्या ऑगस्टमध्ये ब्रुन्स जुनी जागा बघायला सिंगापूरला आला. मनोहर त्याला बुकित बातोक भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, घेऊन गेला. म्हातारा बहात्तरचा, ताठ. कॉफी येईपर्यंत तो गोदीबद्दल बोलू लागला होता. पाणबुडी बांधत असतानाच त्याला तिथे पाठवलं होतं, प्रत्येक नळी बसताना त्याने पाहिली होती.

“नऊ सिलिंडरची दोन डिझेल,” तो म्हणाला. “डावं जरा तापायचं.”

“कूलिंगला समुद्राचंच पाणी?” मनोहरने विचारलं, आणि विचारल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. बापाला मारणाऱ्या इंजिनाची चौकशी तो आपुलकीने करत होता.

“मला तारीख हवी आहे,” तो तुटकपणे म्हणाला.

ब्रुन्सने पिशवीतून वही काढली. कागद जाळताना ही त्याने लपवली होती. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. “नऊ मार्च. दुपारची वेळ. दोन टॉर्पिडो सोडले. मग आम्ही वर आलो आणि पंचेचाळीस मिनिटं इंजिनं बंद ठेवली.”

“बंद का?”

“होड्यांतल्या लोकांना कप्तान बोटीचं नाव विचारत होता.”

मनोहरच्या हातातला कप तसाच राहिला. “होड्या होत्या?”

“दोन, असं डेकवरचे म्हणत होते. मी खाली होतो. मी काही पाहिलं नाही.”

“आगवाले होते त्यांत?”

“मी पाहिलं नाही,” ब्रुन्स पुन्हा म्हणाला.

“होड्या होत्या एवढं तरी लिहून द्या.”

“न पाहिलेल्यावर सही कशी करू? तुम्ही कराल?”

मनोहर करणार नव्हता. जहाजांची तपासणी करताना आजवर त्याने कधीच केली नव्हती, म्हणून त्याला भांडताही येईना. तो पैसे ठेवून उठला.

घरी सुचित्राने, त्याच्या बायकोने, विचारलं, “मिळाली ना तारीख?”

“बोट बुडाल्याची मिळाली. बाबांची नाही.” त्याने चपला कोपऱ्यात भिरकावल्या. “होडीत असले तर त्या दिवशी जिवंत होते. किती दिवस, कोणाला विचारू? काल निदान काही माहीत नव्हतं.”

“आईंना तीच तारीख सांगा. त्यांचं समाधान होईल.”

तेच सांगायचं ठरवून त्याने गुहागरला फोन लावला. पण आईचा आवाज ऐकल्यावर खोटं ओठावर येईना. त्याने होड्यांचंही सांगून टाकलं.



“होडीत प्यायला पाणी असतं का रे?” आईने विचारलं.

“थोडं असतं.”

“किती?”

तो इंजिनियर होता, पिंपाचं माप त्याला ठाऊक होतं. माणसं किती होती हे ठाऊक नव्हतं.

“नाही सांगता येत, आई.”

“मग सर्वपित्रीलाच घाल,” ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.