मिस्त्रीची खूण

दोन फाळांचा जुना नांगर वर्कशॉपच्या दारात उभा होता आणि मिस्त्री त्याच्याभोवती असा फिरत होता, जणू त्या नांगराने त्याच्या घरात चोरी केली होती. सकाळपासून त्याची तळपायाची आग मस्तकात गेली होती. शेतात नेमका वाफसा आला होता. आज-उद्या नांगरलं तर जमीन सुटी होऊन पडली असती, परवापासून नुसती ढेकळं. आणि अशा दिवशी त्याची धाकटी बहीण अर्धं शेत टाकून ट्रॅक्टर परत घेऊन आली. पुढचा फाळ वर राहतो, मागचा खोल घुसतो, ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो, असं म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मिस्त्री म्हणाला होता, तेही रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने.

तरी त्याने तपासलं, कारण कामात तो कुचराई करत नसे. दोन्ही चाकांतली हवा पाहिली, वरचा दांडा चार आटे फिरवला, फाळांच्या झिजलेल्या कडा पाहिल्या. काहीच सापडेना, तसा तो आणखी चिडला. शेवटी पुढच्या फाळाच्या टोकापासून त्याने सुतळी ताणली. मागच्या फाळाचं टोक सुतळीपासून चार बोटं लांब. मागचा पायच वाकला होता, फाळ धरून ठेवणारा बोटभर जाडीचा लोखंडी पाय.

मग जे तोंड सुटलं ते सुटलंच. बाकावर चौघे बसले होते: गिरणीवाला, दूधवाला आणि पंप दुरुस्तीला आलेले दोघे. त्यांच्यादेखत मिस्त्रीने बहिणीचा उद्धार केला. लक्ष सगळं फोनमध्ये, दगडावर घातला असणार आणि मुकाट्याने लपवलं असणार. बायकांच्या हाती ट्रॅक्टर दिला ही आपलीच चूक, हेही तो बोलून गेला. दहा वर्षं हीच बाई घरचं शेत नांगरत होती, हे त्या क्षणी त्याला आठवलं नाही. आजपासून ट्रॅक्टरला हात लावायचा नाही, चावी दे.

तिने चावी ऐरणीवर ठेवली. "दादा, दगड लागला असता तर बोल्ट तुटला असता," एवढंच म्हणाली.

"मिस्त्री तू की मी?"

चौघे हसले. ती आत निघून गेली.

तिचं बोलणं खरं होतं, आणि मिस्त्रीला ते तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. नांगराच्या पायाला दोन बोल्ट असतात. एक पक्का, दुसरा मुद्दाम नरम. जमिनीतला दगड लागला की नरम बोल्ट तुटतो, पाय मागे झुकतो, नांगर वाचतो. चालवणाऱ्याला कळतं, तो उतरतो, दुसरा बोल्ट घालतो. सगळी बुद्धी त्या दोन रुपड्यांच्या बोल्टात. मग तो तुटला का नाही?

कुरकुरतच मिस्त्रीने नट सोडला. बोल्ट हलेना. घण घालावा लागला. पाचव्या घावाला तो निसटून फरशीवर पडला, आणि त्याचा आवाजच वेगळा आला, खणखणीत. मिस्त्रीने उचलून चिंधीने पुसला. काळा, पोलादी, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांना लावतात तसला. हा तुटायचाच नव्हता. याच्याऐवजी पायानेच वाकायचं होतं.

कुणा गाढवाने हा घातला, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि बोल्टच्या डोक्यावर त्याला कानशीची तिरपी रेघ दिसली.

ही रेघ मिस्त्रीची. बसवलेल्या प्रत्येक बोल्टावर तो ती मारत असे, दुसऱ्या कुणाचं भिकार काम आपल्या नावावर खपू नये म्हणून. सगळं आठवलं. गेल्या वर्षी एकाच दिवसात बहीण चार वेळा तुटका बोल्ट घेऊन आली होती. हा इंजिनात कोपरापर्यंत बुडालेला. चौथ्या वेळी तो चिडून उठला, भंगाराच्या डब्यातून हाताला लागला तो काळा बोल्ट घेतला, घणाने ठोकून बसवला आणि म्हणाला, आता तोडून दाखव. तिने विचारलं होतं, दादा, हा चालेल ना? आणि त्याने तेव्हाही तेच उत्तर दिलं होतं, मिस्त्री तू की मी?

दगड लागलाही असेल. पण नांगराने ते तिला सांगायचं कसं? सांगणारी जीभ मिस्त्रीनेच कापून टाकली होती.

भंगाराचा डबा दोन पावलांवर होता. बोल्ट त्यात टाकला असता तर कुत्रंही विचारणार नव्हतं. मिस्त्रीला स्वतःची भयंकर चीड आली, आणि त्याहून जास्त त्या रेघेची. तो बोल्ट मुठीत धरून आत गेला.

धाकटी मागच्या पायरीवर बसून बुटाचा चिखल चाकूने खरवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"हा मी घातला होता," मिस्त्री म्हणाला. "चूक माझी आहे. पाय तापवून दुपारपर्यंत सरळ करतो. चावी घे."

"तुझा दुखरा गुडघा क्लच दाबत नाही, नांगरायला मीच लागते, म्हणून आलास?"

"नाही गं."

तिने बोल्ट घेतला, ती रेघ अंगठ्याने चाचपली आणि परत त्याच्या हातात ठेवला. "मला कशाला सांगतोस? मी दगड लपवला नाही, हे मला ठाऊकच होतं. ज्यांच्यासमोर ओरडलास, त्यांना सांग."

"अगं, ते कोण लागून गेलेत?"

"मघाशीही तेच होते."

मिस्त्री बोल्ट घेऊन वळला. तो बाहेर आला. चौघे अजून बाकावरच होते. गिरणीवाला दात कोरत होता. त्याचाही मिस्त्रीला राग आला. घरदार नाही का या लोकांना? त्याने काळा बोल्ट पुढे धरला आणि बोलला. हा बोल्ट मी बसवला, नांगर माझ्यामुळे वाकला, तिचा काही दोष नाही. पण सकाळपासून रस्ता दणाणून सोडणारा त्याचा आवाज आता बाकाच्या टोकापर्यंतही पोचेना.

मागे दारात बहीण येऊन उभी राहिली होती, एका पायात बूट, एक हातात.

"दादा, मोठ्याने," ती म्हणाली. "दूधवाल्याला ऐकू आलं नाही."