पेटीच्या दिव्यानं सांगितलेलं कारण

सावली गावच्या तलावाकाठी मच्छीमार सोसायटीच्या हौदांत मासोळ्यांची पिल्लं वाढत होती. त्यांची राखण सुगंधाबाईंकडे होती. पाण्यात हवा सोडणारी मोटर बांधापलीकडे, आणि ती चालवणारी छोटी पेटी इकडच्या खोलीत. पेटी बनवली होती गावच्याच भाग्यश्रीनं, चंद्रपूरला डिप्लोमा करून आलेल्या मुलीनं. पण रोज पहाटे, पाण्यातली हवा कमी झालेली असतानाच, पेटी बंद पडून नव्यानं सुरू व्हायची. मग बराच वेळ थांबूनच मोटर लावायची. तोवर पिल्लं वर येऊन तोंडं वासायची, काही मरायची.

"उद्या बी पिल्लं मेली तं पेटी काढून टाकतो," सोसायटीचे अध्यक्ष दादाजी म्हणाले. "जुनं इंजिन बरं. बोंबलते, पण रुसत नाई."

आपण का बंद पडलो ते पेटीतल्या चिपला कळतं, असं भाग्यश्री सांगे. लाईन गेली तर दिवा एकदा लुकलुके, विजेचा दाब कमी झाला तर दोनदा, स्वतःच अडकली तर तीनदा, कुणी पेटी नव्यानं सुरू करायचं बटण दाबलं तर चारदा. पण दिवा रोज एकदाच लुकलुकायचा, आणि लाईन तर गेलेलीच नसायची.

"मंग चिप खोटं बोलून राह्यली का?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"नाई काकू, मीच चुकली. पहिल्या दिवशी लाईन जोडली तवाची खूण मी पुसलीच नाई, तीच दिसून राह्यली. तुमी कालची रांगोळी पुसून आजची काढता ना, तसं करायचं होतं."

तिनं प्रोग्राम बदलला. नखाएवढा काळा तुकडा पडतो, उठतो, आणि पडण्याचं कारणही जपून ठेवतो. माणसांना तरी एवढं कुठं जमतं, सुगंधाबाईंना वाटलं.

पहाटे तुळशीला पाणी घालून त्या आल्या. पिल्लांना जगवणाऱ्या पेटीला कुंकू लावायचं, हा त्यांचा रोजचा नेम. समोरचं गोल बटण जणू टिळ्यासाठीच होतं. तिथं बोट टेकवून त्या डोळे मिटून हात जोडत. आज मात्र दिव्याकडे बघायचं म्हणून डोळे उघडेच होते.

दिवा लुकलुकला. एक, दोन, तीन, चार.

सुगंधाबाई बटणावर टेकवलेल्या आपल्या कुंकवाच्या बोटाकडे बघत राहिल्या. दिवा बघायला दाराशी थांबलेल्या भाग्यश्रीनं धावत जाऊन मोटर थेट लाईनवर चालू केली. एकही पिल्लू मेलं नाही.

"कोनाची चूक निघाली?" दादाजींनी येऊन विचारलं.

"माह्या बोटाची, भाऊ," सुगंधाबाई हळूच म्हणाल्या. "पेटी खरी बोलली. तिले काढू नका."

"म्हंजे तुमचा देव आमच्या मासोळ्या मारून राह्यला होता," दादाजी हसले. पेटी काढायचं मात्र पुन्हा बोलले नाहीत.

भाग्यश्रीनं बटणावर झाकण बसवलं. "कुंकू आता झाकणावर लावा, काकू. नेम मोडू नका."

दुसऱ्या पहाटे सुगंधाबाईंनी झाकणाला कुंकू लावलं. हात जोडले, डोळे उघडे ठेवून. हौदात बुडबुडे येतच राहिले.